सूतभर जास्त लांबी: जुन्या ट्रकमध्ये स्टेअरिंगचा दांडा पॉवर बॉक्सला जोडताना

जुन्या ट्रकला पॉवर स्टेअरिंग बसवायचं ठरलं की सगळी चर्चा बॉक्स (स्टेअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा गिअरबॉक्स) आणि पंपाभोवती फिरते. बॉक्स नवा घ्यायचा की जुन्या बाजारातला, पंप इंजिनवर कुठे बसेल, पट्टा कोणता, होज पाइप किती लांबीचे. स्टेअरिंगच्या चाकापासून बॉक्सपर्यंत जाणाऱ्या दांड्याचा विषय निघाला की मिस्त्री म्हणतो, "तो काय, लेथवर करून घेऊ." मग तो दांडा शेवटच्या दिवशी, घाईत तयार होतो.

माझ्या काकांच्या ट्रकचं नेमकं असंच झालं. १९८० च्या दशकातला, पुढे बॉनेट असलेला ट्रक. उसाचा हंगाम तोंडावर आलेला. भरलेल्या गाडीचं चाक शेताच्या बांधावर वळवताना ड्रायव्हरचे खांदे भरून यायचे, म्हणून पॉवर बॉक्स बसवला. गॅरेजच्या अंगणात चाक एका बोटाने फिरलं आणि सगळे खूश झाले. रस्त्यावर मात्र वेगळंच निघालं. वळण घेऊन हात सैल सोडला की चाक सरळ येईना. सरळ रस्त्यावरही सतत धरून ठेवावं लागे. ड्रायव्हर म्हणाला, "गाडी डावीकडं ओढतीया." व्हील अलाइनमेंट केलं, पुढचे टायर अदलाबदल केले, किंगपिन तपासले, बॉक्स दोनदा खोलून बघितला. कुठेही दोष सापडेना.

शेवटी एक वयस्क फिटर खाली शिरला. त्याने बॉक्सच्या तोंडावरच्या योकचा, म्हणजे दांड्याला बॉक्सच्या शाफ्टशी जोडणाऱ्या दोन कानांच्या तुकड्याचा, बोल्ट काढला आणि आम्हाला वाकून बघायला सांगितलं. बोल्ट निघताच तो योक शाफ्टवरून आपोआप सूतभर वर सरकला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या जरा वर. दांडा तेवढा लांब झाला होता आणि चोवीस तास बॉक्सच्या शाफ्टला खाली रेटत होता.

पुढे जे काही लिहिलंय त्याचा गाभा याच प्रसंगात आहे. पॉवर बॉक्सला दांड्याकडून एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे पीळ. दाब नको, ओढ नको, बाजूला वाकवणं नको. आणि हा पीळ पोचवणारा जोड कुठल्याही परिस्थितीत सुटता कामा नये.

जुन्या बॉक्सला चालायचं ते नव्याला का चालत नाही

हाताने चालणाऱ्या जुन्या बॉक्सची रचना दणकट आणि साधी. विलीज जीप आणि तिच्यावरून महिंद्राने पुढे अनेक वर्षं बनवलेल्या जुन्या जीप घ्या, किंवा शिवडीच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९५४ पर्यंत जोडले जात होते त्या काळचे शेवरोले ट्रक घ्या. स्टेअरिंगच्या चाकाखालून निघालेला दांडा एकाच अखंड तुकड्यात थेट बॉक्समध्ये शिरतो आणि त्याच्याच टोकावर वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला भाग असतो. दांड्याभोवतीची, कॉलमची नळीही बॉक्सलाच घट्ट आवळलेली. मध्ये सांधा नाही, रबर नाही. खालून बॉक्स धरतो, वर डॅशबोर्डाजवळचा कंस धरतो. दांड्याला बाजूने थोडा ताण बसला तरी वर्मची बेअरिंगं तो खाऊन टाकतात. फार तर चाक जरा जड लागतं.

पॉवर बॉक्स उघडून बघितला तर पहिल्यांदा तोच ओळखीचा संसार दिसतो. वर्म आहे, त्यावर पोलादी गोळ्यांवरून सरकणारा नट आहे, नटाच्या अंगावर दाते आहेत आणि ते ड्रॉप आर्मचा, म्हणजे पुढची चाकं वळवणारे दांडे ढकलणाऱ्या आर्मचा, शाफ्ट फिरवतात. फरक असा की हा नट इथे पिस्टनचंही काम करतो. पंपाकडून आलेलं तेल त्याला एका बाजूने ढकलतं. पंपाचा जास्तीत जास्त दाब १०० बारच्या आसपास, मोठ्या ट्रकमध्ये त्याहूनही बराच वर जातो. ट्रकच्या टायरमधली हवा साधारण ७ बारची असते, त्यावरून या जोराचा अंदाज यावा.

तेल कोणत्या बाजूला सोडायचं हे ठरतं बॉक्सच्या तोंडाशी. दांडा जिथे जोडायचा तो आखूड शाफ्ट आणि आतला वर्म हे दोन वेगळे तुकडे आहेत. त्यांना जोडते पेन्सिलीच्या जाडीच्या जवळपासची एक पोलादी सळई, टॉर्शन बार. तुम्ही चाक फिरवता, खाली टायर रस्त्याला धरून बसलेला असतो, म्हणून ही सळई किंचित पिळली जाते. फक्त दोन-चार अंश. तेवढ्या पिळाने आखूड शाफ्टवरच्या खाचा भोवतालच्या बाहीच्या खाचांपासून सरकतात, एका बाजूची वाट मोठी होते, दुसरीची आवळते आणि तेल त्या बाजूने धावतं. पीळ सुटला की खाचा परत समोरासमोर येतात आणि मदत थांबते. पंप बंद पडला तर थोड्या अंशांनंतर आखूड शाफ्ट वर्मला थेट धरतो आणि गाडी जड का होईना, हाताने वळवता येते.

किराणा दुकानातला जुना तराजू आठवा. काटा मध्यावर आहे की नाही यावर सगळा व्यवहार. पारड्यावर कुणी बोट टेकवून ठेवलं तर वजन खोटं येणारच. टॉर्शन बार आणि त्याच्याभोवतीची झडप हा बॉक्सचा काटा आहे. लांब झालेला दांडा, सांध्यातला अडकणारा क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखा तुकडा), वाकडा बसवलेला कॉलम, यातलं काहीही झडपेला मध्यावर परतू देत नाही. मग बॉक्सला वाटतं ड्रायव्हर अजून वळवतोय आणि तो मदत करत राहतो. काकांची गाडी डावीकडे ओढत होती ती यामुळे. बॉक्स निर्दोष होता. त्याला चुकीचा निरोप मिळत होता.

ही कल्पना मुळात ट्रकवाल्याचीच आहे. फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकेतल्या पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागातला इंजिनिअर. जड गाड्या वळवताना माणसाचे हाल तो रोज बघत होता. १९२२ मध्ये नोकरी सोडून त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅमला काम सुरू केलं आणि १९२६ मध्ये तेलाच्या दाबावर चालणारं स्टेअरिंग गाडीत बसवून दाखवलं. जनरल मोटर्सने आधी हात पुढे केला, पण मंदीच्या काळात, १९३४ मध्ये, खर्चाकडे बघून काम थांबवलं. दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांना त्याचा उपयोग झाला. साध्या मोटारीत ते विक्रीला आलं १९५१ मध्ये, क्रायस्लरच्या इंपीरियलमध्ये.

आधी शाफ्टचं तोंड ओळखा

बॉक्स हातात आला की पहिलं काम म्हणजे त्याच्या शाफ्टवरचे दाते मोजणं. गॅरेजमध्ये कुणी स्प्लाइन म्हणतं, कुणी आटे म्हणतं. एका दात्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या आणि तिथून मोजायला लागा. दोनदा मोजा. व्हर्निअरने बाहेरचा व्यास घ्या. नुसत्या व्यासावर योक मागवू नका. अमेरिकन बॉक्समध्ये पाऊण इंची शाफ्टचेच ३० दात्यांचे आणि ३६ दात्यांचे असे दोन प्रकार सापडतात. दोन्ही योक शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही.

दाते न जुळणारा योक हातोडीने ठोकला तर बसतो, घट्टही वाटतो. धोका तिथेच आहे. टेकलेले असतात मोजके दाते, तेही टोकांवर. कधीतरी खड्ड्यात चाक आदळून उलटा झटका येतो आणि ते दाते सोलून निघतात. त्यानंतर हातातलं चाक नुसतं गरगर फिरतं. आतले दाते साध्या लेथवर कापता येत नाहीत, त्याला स्लॉटिंग किंवा ब्रोचिंग लागतं. म्हणून "लेथवर करून देतो" या बोलण्यावर इथे विश्वास ठेवू नये. योग्य दात्यांचा तयार योक विकत घ्यावा, महाग पडला तरी.

शाफ्टवर आणखी दोन खुणा असतात. काही शाफ्टवर एक बाजू चपटी असते किंवा एक दाता गाळलेला असतो, म्हणजे योक एकाच स्थितीत बसेल. दुसरी खूण जास्त महत्त्वाची. दात्यांवर आडवी गोल खाच असते आणि योकचा बोल्ट त्या खाचेतून जातो. योक पूर्ण खोल बसला नसेल तर बोल्ट आरपार जाणारच नाही. बोल्ट जात नाही म्हणून ड्रिल मारून भोक मोठं करणारे मी पाहिले आहेत. तो बोल्ट तुम्हाला सांगत असतो की योक अजून खाली जायचा आहे. समजा खाच नसती, तर बोल्ट कितीही आवळला तरी तो फक्त घर्षणावर धरून राहिला असता. खाचेत बसलेला बोल्ट सैल झाला तरी निघून पडेपर्यंत योक वर सरकू शकत नाही.

आणि हातोडी. योक जात नाही म्हणून बॉक्सच्या शाफ्टवर घाव घालू नका, एकही. त्या शाफ्टमागे टॉर्शन बारची पिन आहे, झडप आहे, बारीक बेअरिंग आहे. दाते वायर ब्रशने साफ करा, थोडं तेल लावा, योकची चीर पाचर घालून किंचित उघडा. हाताने बसला पाहिजे.

बॉक्स विकत घेण्याआधी आणखी एक बघा, कारण आपल्याकडे चाक उजवीकडे असतं आणि जुन्या बाजारात सगळ्या देशांचा माल येतो. जुना बॉक्स उजवीकडे फिरवल्यावर ड्रॉप आर्म कुठल्या दिशेला जातो ते खडूने लिहून ठेवा. नवा बॉक्स जसा बसणार आहे तसा धरून तोच प्रयोग करा. दिशा उलटी आली तर चाक उजवीकडे फिरवल्यावर ट्रक डावीकडे जाईल. तो बॉक्स त्या जागेसाठी नाहीच.

कापलेल्या दांड्याला आधार

अखंड दांडा कापला की एक गोष्ट हमखास विसरली जाते. त्याचं खालचं टोक आजवर बॉक्सच धरत होता. आता ते नळीत लोंबकळणार. कॉलमच्या खालच्या तोंडाशी एक बेअरिंग बसवावं लागतं आणि त्या बेअरिंगने दांड्याला दोन्ही तऱ्हेने धरलं पाहिजे: बाजूला हलू द्यायचं नाही आणि वर-खाली सरकूही द्यायचं नाही. ड्रायव्हर चढताना चाक धरून स्वतःला वर ओढतो, आपण सगळेच ओढतो. तो जोर कॉलमने झेलायचा. तो बॉक्सपर्यंत पोचला तर पुन्हा तराजूवर बोट. कॉलमची नळीही आता बॉक्सला आवळलेली नसते, म्हणून केबिनच्या लाकडी किंवा पत्र्याच्या फळीशी तिला स्वतंत्र, मजबूत कंस लागतो.

क्रॉसचं गणित

आता मुख्य काम. कॉलम एका रेषेत येतो, बॉक्सचं तोंड दुसऱ्या रेषेत असतं, मध्ये एंजिन, चासीचा खांब, एक्झॉस्टचा पाइप. म्हणून क्रॉसवाले सांधे लागतात, प्रोपेलर शाफ्टला असतात तसेच, फक्त लहान.

या सांध्याला एक जुना स्वभाव आहे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने त्याचा अभ्यास केला आणि आजही इंजिनिअर त्याला हूकचा सांधा म्हणतात. दोन दांडे एका रेषेत असले तर पीळ जसाच्या तसा पोचतो. मध्ये कोन आला की एका फेऱ्यात दोनदा पुढचा दांडा मागच्यापेक्षा जलद फिरतो आणि दोनदा हळू. कोन १५ अंशांचा असेल तर हा फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास, हाताला कळतही नाही. ३० अंश झाले की कधी तेरा टक्के हळू, कधी पंधरा टक्के जलद. चाक फिरवताना हलकं, जड, हलकं, जड असं लाटेसारखं लागतं. ३० अंशांच्या वर एका सांध्यावर जाऊच नये, क्रॉसही झिजतो आणि योकचे कान एकमेकांना घासायला लागतात.

एका सांध्याने भागत नसेल तर दोन लावायचे आणि एकूण कोन दोघांत वाटायचा. इथे सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक घडते. मधल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना योक असतात. दोन्हीकडचे कान एकाच पातळीत यायला हवेत. तो तुकडा टेबलावर आडवा ठेवा: डावीकडच्या योकचे कान वर-खाली असतील तर उजवीकडचेही वर-खालीच. असं असलं, दोन्ही सांध्यांवरचे कोन सारखे असले आणि तिन्ही तुकडे बाजूने बघितल्यावर एकाच पातळीत पडत असले, तर पहिला सांधा जी लाट तयार करतो ती दुसरा पुसून टाकतो. बॉक्सला चाकासारखीच एकसंध गती मिळते.

कान एकमेकांना काटकोनात गेले तर लाट पुसली जात नाही, दुप्पट होते. दोन्हीकडे ३० अंश असतील तर बॉक्सचा शाफ्ट पाऊणपट वेगापासून एक आणि एक तृतीयांश पटीपर्यंत हेलकावे खातो. अशा गाडीत वळणाच्या मध्येच चाक अचानक हलकं होतं. ड्रायव्हर समजतो पंप गेला. पंपाचा काही संबंध नसतो, कुणीतरी योक दात्यांवर पाव फेरा चुकवून बसवलेला असतो. दुरुस्ती पाच मिनिटांची, फक्त ओळखता आलं पाहिजे.

बॉनेटच्या ट्रकमध्ये दांडा बहुधा दोन दिशांना वळतो, म्हणजे खालीही जातो आणि बाजूलाही. तिथे तिन्ही तुकडे एका पातळीत नसतात, म्हणून कान अगदी सरळ ठेवून पूर्ण समाधान मिळत नाही. एका योकला एक-एक दाता सरकवून चाक सावकाश फिरवायचं आणि लाट जिथे सगळ्यात कमी लागेल तिथे थांबायचं. ३६ दात्यांवर एक दाता म्हणजे १० अंश, ३० दात्यांवर १२.

तीन सांधे लागत असतील तर मधला दांडा आधाराशिवाय सोडू नका. दोन सांध्यांची जोडणी, कॉलमचं खालचं बेअरिंग पक्कं असेल तर, स्वतःची रेष धरून राहते. तिसरा आला की मध्येच कोपर फुटल्यासारखी ती कुठेही वाकू शकते आणि चाक फिरवलं की दांडा फिरण्याऐवजी बाजूला पडतो. चासीला धरलेलं एक आधाराचं बेअरिंग तिथे हवंच.

पोलाद कापण्याआधी त्याच जाडीचा लाकडी दांडा किंवा पीव्हीसी पाइप घेऊन सगळी जोडणी नुसती मांडून बघा. एक्झॉस्टपासून किती लांब राहतो, क्लचची लिंक लागते का, ब्रेकचा पाइप घासतो का. चूक झाली तर फुकट जाणारा तुकडा पाइपचा असतो.

केबिन हलते, चासी पिळते

बॉक्स चासीला आवळलेला असतो आणि कॉलम केबिनला. ट्रकची केबिन रबरी गुटक्यांवर बसते आणि चासी तर वाकण्यापिळण्यासाठीच बनवलेली असते. एक पुढचं चाक बांधावर चढलं की केबिन आणि बॉक्स यांच्यातलं अंतर डोळ्यांदेखत बदलतं. मधला दांडा एकाच लांबीचा, वेल्ड केलेला असेल तर तो फरक जाणार कुठे? एका क्षणी बॉक्सच्या शाफ्टला रेटणार, दुसऱ्या क्षणी ओढणार.

म्हणून मधला तुकडा लांबीला सरकणारा हवा. दोन बाजूंनी चपटा केलेला दांडा आणि त्यावर तशाच आकाराची नळी, किंवा दात्यांचा सरकता शाफ्ट. सरकायला सैल, फिरायला अजिबात खेळ (रिकामी हालचाल) नाही, असा. प्रोपेलर शाफ्टचा जुना सरकता तुकडा इथे वापरू नये, त्याच्या दात्यांत जो खेळ असतो तो चाकावर येऊन बसतो. बसवताना ट्रक सपाट जमिनीवर असताना तो पूर्ण आत गेलेला नसावा आणि पूर्ण बाहेर आलेलाही नसावा.

सरकत्या तुकड्याचा दुसरा उपयोग जिवाचा आहे. समोरून धडक बसली की चासीचं पुढचं टोक आणि त्यावरचा बॉक्स मागे येतो. अखंड दांडा असेल तर तो भाल्यासारखा चाकासकट ड्रायव्हरच्या छातीकडे येतो. अमेरिकेत १९६८ पासून मोटारींसाठी नियम आला की ताशी ४८ किलोमीटरच्या चाचणीतल्या धडकेत कॉलम १२७ मिलिमीटरपेक्षा जास्त मागे येता कामा नये. आपला जुना ट्रक त्या नियमाखाली येत नाही, पण छाती तीच आहे. सरकणारा तुकडा आणि कोनातले दोन सांधे असले की दांडा दुमडतो, थेट मागे येत नाही.

काही बॉक्सच्या तोंडाशी क्रॉसऐवजी रबर-कापडाची जाड चकती असते. ती इंजिनची आणि रस्त्याची बारीक थरथर हातापर्यंत येऊ देत नाही. चांगली वस्तू आहे, पण ती फक्त दोन-तीन अंशांचा कोन सहन करते. तिच्याकडून सांध्याचं काम करून घ्यायला गेलं की ती फाटते. जुन्या चकतीला चिरा पडल्या असतील, तेल पिऊन ती फुगली असेल, तर बदला. आणि चकती लावल्यावर हॉर्न वाजेनासा झाला तर वायरिंग खोलत बसू नका. पुष्कळ जुन्या गाड्यांत हॉर्नचा अर्थ (करंट परत जाण्याची वाट) स्टेअरिंगच्या दांड्यातून चासीला जातो आणि रबराने तो तोडलेला असतो. चकतीच्या दोन बाजू जोडणारी तांब्याची वेणी लावली की हॉर्न वाजतो.

सुटता कामा नये

योकचा बोल्ट ८.८ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा घ्या, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. नायलॉनचा नट एकदा काढला की नवा लावा. आवळण्याचा जोर त्या बॉक्सच्या माहितीपत्रकात असेल तेवढाच, टॉर्क रेंचने. चपट्या दांड्यावर बारीक स्क्रूने धरणारे योक असतील तर त्या स्क्रूच्या टोकापुरता खळगा दांड्यात ड्रिलने करा, स्क्रू त्यात बसवा आणि वरून चेक नट. नुसत्या पृष्ठभागावर टेकलेला स्क्रू महिन्याभरात ढिला होतो. दांड्याचं टोक योकमधून पुढे येऊन क्रॉसला टेकत नाही ना, हेही बघा. टेकलं तर सांधा एका ठरावीक जागी अडकतो आणि नेमकं तिथेच चाक जाम होतं.

वेल्डिंगबद्दल माझं मत कडक आहे. या दांड्यावर ते शक्यतो करूच नये. करावंच लागलं तर वेल्डिंगसाठीच बनवलेले योक घ्यावेत, तुकडा बॉक्सपासून पूर्ण सोडवून बाहेर काढावा आणि दाबाची भांडी किंवा चासीचं काम करणाऱ्या हुशार वेल्डरकडूनच जोडून घ्यावा. बॉक्सला लागलेल्या दांड्यावर गाडीतच वेल्डिंग केलं तर उष्णतेने तेलाचं सील जळतं आणि अर्थचा चिमटा दूर असेल तर करंट बॉक्सच्या बेअरिंगमधून जाऊन गोळ्यांवर डाग पाडतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ९८ वा नियम स्टेअरिंगसाठीच आहे. चाकावरचा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नसावा आणि लिंकेजचे जोड बोल्ट किंवा पिनांनी धरलेले असतील तर ते नीट लॉक केलेले असावेत, असं तो सांगतो. पासिंगला गाडी नेताना अधिकारी हेच बघतो. बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

मध्य साधणं आणि तपासणं

योक कायमचा आवळण्याआधी बॉक्सचा मध्य काढा. ड्रॉप आर्म न जोडता शाफ्ट एका टोकापर्यंत फिरवा, तिथून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजा आणि निम्मे मागे या. समजा चार फेरे भरले तर दोन. बॉक्स मध्यावर असताना पुढची चाकं सरळ असावीत आणि हातातलं चाकही सरळ असावं. या बॉक्सची आतली बसण मध्यावरच सगळ्यात घट्ट ठेवलेली असते. मध्य चुकवून बसवला तर सरळ रस्त्यावर चाकात खेळ वाटतो आणि एका बाजूला वळण कमी मिळतं. हातातलं चाक वाकडं आलं म्हणून ड्रॅग लिंक (ड्रॉप आर्मपासून पुढच्या चाकाकडे जाणारा दांडा) फिरवून ते सरळ करू नका. योक दात्यांवर सरकवा.

पंप सुरू करण्याआधी, पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन इंजिन बंद ठेवून चाक टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवा. कुठेही अडलं, घासलं, टक्क आवाज आला तर तिथेच थांबा. मग जॅक काढून एक पुढचं चाक लाकडी ठोकळ्यावर चढवा आणि दुसऱ्या माणसाला खालून सरकता तुकडा बघायला सांगा. नंतर दुसरं चाक चढवा. ही चाचणी आमच्या गाडीला पहिल्यांदा कुणी केलीच नव्हती. इंजिन सुरू केल्यावर, ॲक्सल जॅकवर असतानाच, हात न लावता चाक आपणहून एका बाजूला फिरायला लागलं तर झडप मध्यावर नाही. आधी योकचा बोल्ट काढून दांडा रेटतोय का ते पाहा, बॉक्स खोलायचं त्यानंतर.

काकांच्या ट्रकचा मधला तुकडा टर्नरने दीड सूत कमी केला आणि त्याच आठवड्यात त्याजागी सरकता शाफ्ट लावला. कारखान्याच्या फाटकातून बाहेर वळताना ड्रायव्हरने मुठी सैल सोडल्या, चाक हातातून सरकत स्वतःच सरळ झालं. शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासले. त्या फिटरने प्रत्येक नटावरून योकवर जाईल अशी पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवली. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, पाना लावावा लागत नाही. सकाळी ऑइल-पाणी बघायला बॉनेट उघडलं की ड्रायव्हर आधी त्या रेघा बघतो.